सोनुनच्या दारावरची शिंगं

सासऱ्यांची पहिल्या रानबोकडाची गोष्ट झऱ्यापाशी आली की आपा, म्हणजे माझ्या सासूबाई, उठायच्या. किटली भरलेली असायची, पेले सगळ्यांच्या हातात असायचे, तरी त्या उठायच्या. "दूध उतू जातंय वाटतं," म्हणायच्या आणि बाहेर पडायच्या.

लग्न होऊन मी या घरात आले, त्या पहिल्या हिवाळ्यात मी त्यांच्यामागे धावत गेले. सासू उठते आणि सून बसून राहते असं पाहुण्यांनी म्हणायला नको. बाहेर दूध नव्हतंच. आपा गोठ्याच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि गाईला सांगत होत्या, "आता तिने बादली भरली असेल. आता खाली ठेवली असेल. आता हात पुसेल."

आतून सासऱ्यांचा आवाज आला, "...आणि तिने हात पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, शिरालगा!"

पाहुणे हसले, कोणीतरी मांडीवर थाप मारली.

"झालं?" आपांनी मला विचारलं.

"झालं, आपा."

"मग चल. चहा ओतायचाय."

पुढच्या वीस वर्षांत ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की सासऱ्यांना खोकला आला तर पुढचं वाक्य मी सांगू शकले असते. सासरे तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. त्यांचे मामा आमच्या खोऱ्यातले नावाजलेले शिकारी. उतारवयात मामांची दृष्टी गेली, तेव्हा भाच्याने त्यांची रायफल मागितली. भाच्याने मागितलं तर मामाला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्यांनी ती दिली, पण अट घालून. रानबोकडाचं शिंग दर हिवाळ्याला एक वेढा धरतं, वेढे मोजले की वय कळतं. मामा म्हणाले, "आठ वेढ्यांच्या आतल्या नराला गोळी घातलीस तर त्याच दिवशी रायफल परत. आणि मला फसवू नकोस, मी बोटाने मोजतो."

आणि सासऱ्यांनी पहिलाच मारला तो नऊ वेढ्यांचा. बोकड घोड्यावर बांधून ते उतरत होते, तर गावाच्या वरच्या टोकाला झऱ्यावर सोनुन पाणी भरत होती. तिचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. ती म्हणाली शिरालगा.

आमच्याकडे शिकारीहून परतणाऱ्याला वाटेत जो पहिला भेटेल, त्याने हा शब्द उच्चारायचा. मग शिकाऱ्याने घोड्यावरून उतरायचं आणि तो मागेल तो वाटा द्यायचा. नाही म्हटलं तर पुढची गोळी चुकते. दिलेलं का दिलं, हे पुढे कोणी विचारायचं नाही, घरच्यांनीसुद्धा. आणि घरच्या बाईने शिरालगा मागायचा नाही. ती कशाला मागेल? सगळं तिच्याच कढईत तर यायचं असतं.

"सगळं म्हणजे उरलेलं," आपा म्हणायच्या.

सोनुनने डोकं मागितलं. एवढ्या मोठ्या बोकडाचा फरा नाही, काळीज नाही, डोकं. शिंगांसकट. सासऱ्यांनी सुरी काढली आणि तिथेच कापून दिलं. शिकाऱ्याच्या पहिल्या शिकारीची शिंगं त्याच्या दारावर लागतात. आमच्या सासऱ्यांची लागली सोनुनच्या दारावर. पुढच्या वर्षी आपा दुसऱ्या गावाहून नवरी होऊन आल्या, तेव्हा शिकाऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडताना त्यांनी वर बघितलं, तर वर नुसता खिळा.

त्यानंतर सासऱ्यांनी कितीतरी बोकड आणले. एखादी जोडी खूपच डौलदार असली की अंगणात उभे राहून विचारायचे, "ही दारावर लावू का?"

"दारावर कशाला? गोठ्यावर टाका. गाईला शोभा येईल."

आमच्या गोठ्याच्या छपरावर शिंगांचा ढीग होता. कावळे त्यावर बसायचे. दारावर खिळा तसाच.

सोनुनचं घर गावाच्या वरच्या टोकाला, डोंगरातली वाट तिच्या फाटकाजवळूनच खाली येते. आपा त्या वाटेने जात नसत. लग्न असो, मयत असो, त्या खालच्या बोळातून जायच्या, तिथे खाजकुइली गुडघाभर वाढलेली असायची तरी. सोनुनचा नवरा वारला तेव्हा मात्र जावंच लागलं. आपा रीतीप्रमाणे रडत गेल्या, रीतीप्रमाणे रडत बसल्या आणि आत शिरताना आणि बाहेर पडताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. बायका म्हणाल्या, परक्या माणसासाठी केवढा शोक हा! मला ठाऊक होतं, दारावर काय आहे ते.

"तीन वर्षं कुठे होती ती शिंगं?" त्या मला कधीकधी विचारायच्या, जणू मीच ती लपवली होती. "डोकं नेलं तेव्हा टांगायचं ना. तेव्हा नाही टांगलं. मी पहिल्या बाळंतपणात आडवी पडले आणि बाईला आठवण झाली."

रायफलीशी मात्र आपांचं काही वैर नव्हतं. ती जुनी लष्करी रायफल, तिच्या लाकडी दस्त्याला मानेपाशी तडा गेलेला आणि त्यावर मामांनी ओलं कातडं शिवून वाळवलेलं. नळीखाली टेकवायला दोन लाकडी पाय. रचून ठेवलेल्या गोधड्यांच्या वर ती भिंतीला असायची. शेजारणी चिडवायच्या, "झूरा, ही तुझी सवत गं." आपा म्हणायच्या, "सवत असती तर कणीक मळायला तरी बसवली असती." आणि फडक्याने तिची धूळ पुसायच्या.

म्हणूनच त्या शरदात जे झालं, ते मला आधी कळलं नाही.

शहरातल्या डॉक्टरांनी सासऱ्यांचा उजवा डोळा बघितला आणि सांगितलं, हा आता सुधारायचा नाही. डोळा नाही म्हणजे बंदुकीचे कागद नवे होणार नाहीत. महिनाअखेरपर्यंत ती कागद असलेल्या कोणाच्या नावावर करायची, नाहीतर ठाण्यात जमा करायची. माझा नवरा तालाय, तो शहराच्या रस्त्यावर गाडी चालवतो, मेंढी कापताना तोंड फिरवतो. त्याच्याकडे कसले कागद?

सकाळचा चहा चालला होता. आपा पावावर साय पसरत होत्या. सासरे म्हणाले, "मेलिसला देतो."

आपांची सुरी पावावर थांबली.

"कुठल्या मेलिसला?"

"गावात दोन आहेत का?"

"सोनुनच्या मुलाला?"

"वनरक्षक मेलिसला. त्याचे कागद तयार आहेत."

"म्हणजे सोनुनच्याच." आपांनी पाव खाली ठेवला. "शिंगं तिच्याकडे आहेतच, आता रायफलही जाऊ दे. बूट पण न्यायचेत का तिला? घासून ठेवते."

"म्हातारे, लोखंडाची वस्तू आहे ती."

"मग माझ्या खुराड्याला अडसर म्हणून ठेवा. कोल्हा तरी येणार नाही."

"आपा, पोलीस..." तालाय म्हणाला.

"तू बोलू नकोस. तुला रक्त बघवत नाही म्हणून ही वेळ आली. म्हातारबा, मी एकच विचारते. तिलाच का? खोऱ्यात शिकारी काय कमी आहेत? तुमच्या धाकट्या भावाचा जावई आहे, त्याचेही कागद आहेत. तिच्याच घरी का?"

सासरे पेल्यात बघत राहिले. एरवी शंभर माणसांसमोर गोष्ट रंगवणारा माणूस, पेला नुसता फिरवत बसला. शेवटी म्हणाले, "मेलिस नीट सांभाळेल."

"मी 'का' विचारलं. 'कसं' नाही."

ते टोपी घालून बाहेर गेले. आपांनी पसरलेली साय परत खरवडून वाटीत घातली.

त्या वर्षीचा एक परवाना सासऱ्यांकडे शिल्लक होता, एका बोकडाचा. रायफल हातची जाण्याआधी ते शेवटचं एकदा जाणार होते. "उजवा गेला तर डावा आहे," म्हणाले. आपांनी दोन दिवसांचा पाव, सुकं मांस, मिठाची पुडी बांधून दिली. सगळं दिलं, आशीर्वाद तेवढा दिला नाही. शिकारीला निघालेल्याला घरातून कोणीतरी म्हणायचं असतं, तुझ्या खोगिराची वादी चरबीने माखू दे. सासरे घोड्यावर बसून थोडा वेळ थांबले. आपा कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. मग मीच म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि निघाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आपांनी पेटीतलं मखमली जाकीट काढलं. पांढरा रुमाल बांधला, आरशात बघून परत सोडला आणि पुन्हा बांधला. मग बादली घेतली.

"आपा, नळाला पाणी आहे."

"नळाच्या पाण्याचा चहा बेचव होतो. दुसरी बादली तू घे."

फाटकाबाहेर आल्यावर त्या बोळाकडे वळल्या नाहीत. वरच्या वाटेला लागल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आपा, घरच्या बाईने मागायचं नसतं."

"घरची बाई कोण? चव्वेचाळीस वर्षं घरात सोनुन बसलीय, चहा पितेय. मी बाहेर गाईपाशी असते."

"पण मागणार काय तुम्ही?"

"डोकं. तिच्या दारावरच्यापेक्षा मोठं असेल तर तिच्या फाटकासमोरून नेईन. लहान असेल तरी नेईन."

"आणि रायफल?"

त्यांनी बादली दुसऱ्या हातात घेतली. भराभर चालत होत्या. त्यांना दम लागतो, त्या दिवशी लागला नाही.

सोनुन तिच्या फाटकाशी बसून लोकर पिंजत होती. हडकुळी, उंच बाई, कपाळावर रुमाल घट्ट. आम्हाला बघून तिने हात थांबवला.

"झूरा! ये की. चहा टाकते."

"घरी चहा आहे."

"मग पाणी नाही का?" सोनुन बादल्यांकडे बघून म्हणाली.

आपा पुढे गेल्या. मी मान खाली घातली. हसू दाबायला दुसरा उपाय नव्हता.

झऱ्याच्या कडेला बर्फाची पातळ साय धरली होती. आपांनी बादली भरली, खाली ठेवली, हात पुसले. मला काटा आला, कारण हे सगळं मी ऐकलेलं होतं, फक्त दुसऱ्या बाईचं. मग आम्ही थांबलो. हात गारठले. सोनुन फाटकातून आमच्याकडे बघत होती, लोकर तिच्या मांडीवर तशीच पडलेली.

घोडा वळणावर दिसला. खोगिरामागे काहीतरी जाडजूड बांधलेलं होतं. आपांचे डोळेही आता पूर्वीचे नाहीत. माझे बरे आहेत. तो बोकड नव्हता. गुंडाळलेला मेंढीच्या कातड्याचा कोट होता. मी त्यांची बाही ओढली, "आपा, थांबा..."

"शिरालगा!"

एवढा मोठा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. फाटकापर्यंत गेला, त्याच्याही पलीकडे गेला असेल.

रिकाम्या हाताने परतणाऱ्या शिकाऱ्याला शिरालगा म्हणणं म्हणजे भररस्त्यात त्याच्या डोक्यावरची टोपी उडवणं. सासऱ्यांनी लगाम ओढला. घोडा थांबला. आपांना तेव्हा कोट दिसला. त्यांचा हात तोंडावर गेला, पण शब्द बाहेर पडलेला होता, तो काही परत जात नाही.

"झूरा," सासरे म्हणाले. त्यांच्या तोंडून आपांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. ते हळूहळू उतरले. "गोळी झाडलीच नाही गं."

"दिसला नाही?"

"दिसला ना. चांगला होता. पण दोन दिसत होते. कुठल्यावर झाडू?"

"दोन्हीवर झाडायची!" आपा म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला.

सासऱ्यांनी खोगिराकडे बघितलं. वादीला कोट, पिशवीत अर्धा पाव. शिरालगा म्हणणाऱ्याला काहीच न देणं त्यांच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. त्यांनी खांद्यावरून रायफल काढली, गोळ्या काढून खिशात टाकल्या आणि ती आपांच्या दोन्ही हातांवर आडवी ठेवली.

"घे. मागितलंस ना."

"मी डोकं मागणार होते."

"डोकं एवढं एकच परत आणलंय," ते आपल्या टोपीला हात लावून म्हणाले. "ते चालणार असेल तर बघ."

आपा हसल्या नाहीत. रायफलीचं वजन तोलत उभ्या राहिल्या. चव्वेचाळीस वर्षं धूळ पुसली होती, हातात पहिल्यांदाच दिली होती कोणी.

"ही आता माझी?"

"तुझी."

"मी कोणालाही देईन?"

सासऱ्यांनी फाटकाकडे बघितलं, मग घोड्याच्या आयाळीत हात घातला. "दे," म्हणाले.

"सूनबाई, बादल्या उचल," आपा म्हणाल्या आणि सरळ सोनुनच्या फाटकाकडे चालू लागल्या. मी दोन भरल्या बादल्या सांडत मागे. वळून पाहिलं तर सासरे घोडा घेऊन खालच्या बोळात शिरत होते.

"सोनुन," आपा फाटकातून आत जाऊन म्हणाल्या, "तुझ्या मुलाला ही हवीय ना? शिंगं उतरव."

सोनुनने रायफल बघितली, आपांना बघितलं. "त्यात पाकोळीचं घरटं आहे."

"पाकोळ्या कधीच गेल्या. उतरव."

सोनुनने गोठ्यातून शिडी आणली, भिंतीला लावली आणि मला म्हणाली, "सूनबाई, तू चढ. माझे गुडघे चालत नाहीत." शिंगं पार वळचणीखाली होती, धुराने काळी झालेली, बुडाशी चिखलाचं घरटं चिकटलेलं. खालून बघणाऱ्याला दोन वाकडी टोकं दिसायची, बाकी सगळं घरटं. मी खिळे उचकटले. हलकी लागली. गोठ्यावरची शिंगं मी कितीदा हलवली होती, त्या मानाने फारच हलकी.

आपा पायरीवर बसल्या, रायफल एका बाजूला, शिंगं मांडीवर. अंगठ्याच्या नखाने घरट्याचा चिखल खरवडला. मग बोट शिंगाच्या मागच्या अंगाने वरून खाली फिरवलं. शिकाऱ्याची बायको ती, वेढे मोजायला तिला डोळे लागत नव्हते.

"एक. दोन. तीन. चार. पाच."

बोट बुडाशी पोचलं. त्यांनी दुसरं शिंग घेतलं. तेही पाच.

"बाकीचे कुठे गेले?" आपांनी विचारलं.

सोनुनने जाऊन फाटक लावून घेतलं. "हळू बोल. मेलिस आत झोपलाय."

"सोनुन, बाकीचे चार कुठे गेले?"

"नव्हतेच." ती आपांच्या शेजारी पायरीवर बसली, मध्ये रायफल ठेवून. "तुझा एशिमकुल झऱ्याकाठी दगडावर बसला होता. बोकड घोड्यावर, आणि हा रडत होता. धुक्यात मोठा वाटला म्हणे. खाली चौकात मामा सगळ्या म्हाताऱ्यांना घेऊन बसले होते, भाच्याचा पहिला बोकड बोटाने मोजायला. डोकं हाताला लागलं असतं तर रायफल तिथेच काढून घेतली असती. पुन्हा या खोऱ्यात कोणी याला बंदुकीला हात लावू दिला नसता. मी काय करणार होते? बादली ठेवली आणि शिरालगा म्हटलं. दिलेलं का दिलं, हे मामासुद्धा विचारू शकत नव्हते. धडाला कुठे वेढे असतात?"

"नऊ कोण म्हणालं?"

"मी. मामांनी मला विचारलं, पोरी, किती होते गं? तोंडात आलं ते बोलले. नंतर तोही तेच सांगायला लागला." ती थोडी हसली. "डोकं गवताच्या गंजीत पुरून ठेवलं होतं. मामा वारले, मग टांगलं. तेही एवढं वर."

म्हणजे बाळंतपणाचा काही संबंध नव्हता. आपांच्या चेहऱ्यावरून ते सरकताना मी बघितलं. चव्वेचाळीस वर्षांच्या रागातला एक मोठा तुकडा निखळून पडला. मला वाटलं, आता यांना हलकं वाटेल.

"म्हणजे हे तुम्हा दोघांनाच ठाऊक होतं," आपा म्हणाल्या.

"आम्ही यावर कधी बोललो नाही, झूरा. एक शब्द नाही. शपथ घेते."

"तेच तर म्हणतेय मी." आपा म्हणाल्या. "बोलला असतात तर मी भांडले असते. न बोलता ठेवलंत. माझ्याशी तो बुटाची नाडी तुटली तरी बोलतो."

सोनुन बोटाने कपड्यांना चिकटलेली लोकर वेगळी करत राहिली.

"मग तू त्याला नवरा का नाही केलास?" आपांनी विचारलं.

"विचारलं कोणी? वर्षभर त्याच झऱ्यावर पाणी भरत होते मी. तो दुसऱ्या गावाला गेला आणि तुला घेऊन आला." तिने मान वर केली. "तू शिंगांवरून जळतेस. तुला तर अख्खा माणूस मिळाला."

"माणूस! त्याचे मोजे धुऊन बघ."

"कधी दिलेस का?"

मी बादल्यांकडे बघत होते. मग आपांनी नाक ओढलं, रायफल उचलली आणि हाक मारली, "मेलिस! बाहेर ये."

मेलिस डोळे चोळत आला. अंगाने आडदांड, मिशीवाला, आईपुढे मात्र मान खाली. आपांनी रायफल त्याच्या हातावर ठेवली. "ही घे. म्हाताऱ्याने दिली नाही, मी दिली. कागदावर काय लिहायचं ते लिहा, पण दिली मी. तुझ्या खोगिराची वादी चरबीने माखू दे. आणि आठ वेढ्यांच्या आतला नर मारलास तर त्याच दिवशी परत घेऊन जाईन. मी बोटाने मोजते."

हे म्हणताना त्यांनी सोनुनकडे बघितलं. सोनुनने खाली.

शिंगं आपांनी डोक्यावरच्या रुमालात गुंडाळली, जाकिटाखाली धरली आणि आम्ही खाजकुइलीच्या बोळातून घरी आलो. वरच्या वाटेने नेली असती तर लोकांनी बघितली असती. आधी फाटकासमोरून मिरवत न्यायचं म्हणणाऱ्या आपा उघड्या डोक्याने, पोटाशी काहीतरी लपवून चालल्या होत्या, चोरी केलेल्या बाईसारख्या.

सासरे अंगणात ओंडक्यावर बसले होते. त्यांनी रुमालाचा आकार बघितला. तालाय शिडी घेऊन आला. खिळा होताच, पण आपांना तो चालेना.

"वर. आणखी वर."

"आपा, इथे दिसतात छान."

"वर म्हटलं ना. अगदी वळचणीला. कोणाचा हात पोचता कामा नये. आणि बुडाशी थोडा चिखल थाप, पाकोळ्यांना सोपं जाईल."

तालायने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, थाप म्हणून.

सासरे बराच वेळ वर बघत बसले. मग विचारलं, "सोनुन काय म्हणाली?"

"चहा घे म्हणाली. नाही घेतला."

एवढंच. त्यांनी कधीतरी आपांना विचारलं असेल, तुला कळलं का? किंवा आपांनी सांगितलं असेल. माझ्यासमोर नाही. घरातल्या दोन माणसांत एक न बोललेली गोष्ट आली आणि आपा काहीशा ताठ चालायला लागल्या, एवढं मी बघितलं.

पहिल्या बर्फानंतर पाहुणे आले, तालायचे दूरचे काका, दोन जावई, त्यांच्या बायका. मांस झालं, चहा आला आणि कोणीतरी दाराकडे बघून म्हणालं, "ही कधी लावली?" झालं. सासरे मांडी बदलून बसले आणि गोष्ट सुरू झाली. मामा, रायफल, धुकं, बोकड. झरा जवळ आला. सवयीने मी आपांची जागा भरायला सरकले.

आपा उठल्या नाहीत. किटली हातात धरून बसून राहिल्या.

"...आणि तिने हात पुसले," सासरे आज जरा अडखळले, आपांकडे बघून घेतलं, "आणि म्हणाली, शिरालगा."

"केवढा होता?" एका जावयाने मान लांब करून दाराबाहेर बघायचा प्रयत्न केला.

"नऊ वेढ्यांचा," सासरे म्हणाले.

"दहा," आपा म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. सासऱ्यांचा पेला हातात तसाच राहिला.

"नऊ," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही घाईत होतात. मी मांडीवर घेऊन मोजलेत. दहा." त्यांनी हात पुढे केला. "पेला द्या इकडे, गार झालाय."

सासऱ्यांनी पेला दिला. आपांनी चहा ओतला, साय घातली, दोन्ही हातांनी परत दिला. सासऱ्यांनी तो घेतला आणि पाहुण्यांना सांगितलं, "हो. दहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आपांनी मला एक वाटी साय दिली आणि वरच्या वाटेने सोनुनकडे पाठवलं.

"साय दे," त्या म्हणाल्या, "आणि सहज कानावर घाल. म्हणावं, आता दहा आहेत."